मेहबूब पेंटरची भुतीण

पितृपक्षात नवा पिक्चर कोणी लावत नाही. शेठ लोकांची समजूत अशी की पंधरवड्यात लावला की तो पडलाच. म्हणून आमच्या वाशीमच्या टॉकीजला त्या पंधरा दिवसांत जुनी, घासलेली प्रिंट यायची. चौऱ्याहत्तर साली तशीच एका भुतिणीच्या पिक्चरची प्रिंट आली. मी तेव्हा गेटवर तिकिटं फाडायचो, त्यामुळं पिक्चर मला तोंडपाठ आहे. विहिरीत बुडून मेलेली नवरी एकेकाला मारते आणि मारण्याआधी दर वेळी एक गाणं म्हणते. सात खून, सात गाणी. गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. पण गाणी अशी की माणूस भ्यायचं विसरून ताल धरतो. दुसऱ्या गावांत तो आठवडाभरही टिकला नाही म्हणे. आमच्याकडं मात्र पुढं दर पितृपक्षात लावावाच लागायचा. किन्हीराजा गावचे लोक बैलांच्या दमण्या जुंपून यायचे. बायका पैंजण घालून यायच्या आणि भुतीण गायला लागली की खुर्चीखाली पाय आपटायच्या. पितृपक्षात काय पाहावं असं कोणी आजही विचारलं, तर मी त्याचंच नाव घेतो.

पण पिक्चर राहू द्या. मला सांगायचं आहे ते मेहबूब पेंटरचं.

मेहबूब टॉकीजचे बोर्ड रंगवायचा. त्याची रीत एकच. फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कपड्यावर मोठ्या करून आखायच्या आणि एकेक भरत जायची. फोटो असला तर हुबेहूब काढायचा. नसला तर आपल्याला साधं मांजर जमत नाही, हे तो स्वतःच सांगायचा. बायको लवकर गेली. पोरगी हुस्नाबानो त्यानं एकट्यानं वाढवली, तिच्या वेण्यासुद्धा त्यानंच घातल्या. माणूस मुलखाचा बुजरा. गल्लीत कोणी मोठ्यानं हाक मारली तरी दचकायचा.

त्या प्रिंटसोबत फोटो आलेच नाहीत. टॉकीजचे मालक अमरसिंग शेठ म्हणाले, "भूत पाह्यलं कोनं? काढ मनानं." मेहबूबनं काढला. शुक्रवारी सकाळी बारा फुटांचा बोर्ड चौकात चढला. नवरीची ओढणी, सुटलेले केस, रक्तानं माखलेले ओठ, आणि चेहरा मात्र खरोखर देखणा. मी खालूनच शाबासकी दिली. गाढवासारखं पाहून घेतलं, डोक्यात काही आलं नाही.

दुपारी हुस्नाबानो शिवणाच्या क्लासला निघाली. पानठेल्यावरच्या पोट्ट्यांनी आधी बोर्डाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. तेच डोळे, तीच हनुवटी, लहानपणी पडून मधोमध तुटलेली भुवईसुद्धा तीच. बायको गेल्यापासून ज्या एका तोंडाकडं मेहबूबनं नीट पाहिलं होतं, तेच त्याच्या हातातून उतरलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. पोट्टे तोंडानं छुमछुम करत तिच्यामागं घरापर्यंत गेले. पोरगी दार लावून बसली, दोन दिवस धड जेवली नाही.

आणि बुधवारी आसेगावहून लतीफाबी तिला पाहायला येणार होती. सोयरीक मीच आणलेली. आसेगाव माझं गाव, लतीफाबीचं वावर आमच्या वावराला लागून. तिचा पोरगा शफीक सरळ, कामसू. पण एसटी स्टँडवरून मेहबूबच्या घरी जायचं तर वाट त्याच चौकातून. सून पाहायला आलेल्या बाईला तीच पोरगी आधी भुतीण होऊन दिसणार, म्हणजे बोलणं तिथंच संपलं.

रविवारी मी मेहबूबकडं गेलो आणि म्हटलं, "तो बोर्ड उतरव पह्यले."

"उतरवून काय होते, शेषराव? साऱ्या गावानं पाह्यला. आता उतरवला तं म्हनतीन, पोरीचाच होता म्हनून उतरवला."

त्याचं खरं होतं. मला राग आला तो त्या पोट्ट्यांचा आणि माझ्या शाबासकीचा. "मंग करतं काय?"

"तोंड बदलतो."

"कोनाचं करशीन? फोटो तं नाही तुह्याजवळ."

त्यानं भिंतीवरचा आरसा काढला आणि पिशवीत घातला.

चौकात, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत त्यानं शिडी लावली. आरसा शिडीला बांधला, त्याच्यावर चौकटी आखल्या आणि एकेक चौकट भरायला बसला. माणसं जमली, हसली, शेरे मारून गेली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. दिवस मावळायच्या आत नवरीच्या ओढणीखाली मेहबूब बसला होता. चपटं नाक, पडलेला दात आणि छातीपर्यंत दाढी. लोक पोट धरून हसत होते. शेठ धावत आले, "अबे, भुतीनले कुठी दाढी असते काय?" पण तिकिटाच्या खिडकीवरची रांग पाहिली आणि गुपचूप आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून पोट्ट्यांची छुमछुम मेहबूबच्या मागं लागली. बाजारातून थैली घेऊन तो मुद्दाम हळूहळू चालायचा. मी म्हटलं, "पाय उचल ना लवकर." तर म्हणाला, "मी सुटलो तं ते घराकडं जातीन."

बुधवारी लतीफाबी आली. मी स्टँडवर आणायला गेलो. चौकात ती थांबली, चष्मा पुसला, बोर्ड वरपासून खालपर्यंत पाहिला आणि चालू लागली. घरी चहा झाला. हुस्नाबानो मान खाली घालून बसली होती. लतीफाबीनं मेहबूबला सरळच विचारलं.

"चौकात तुमीच हाय ना, भाऊ?"

"हो."

"पह्यले पोरगी होती म्हनतात. एसटीत सारे तेच बोलून राह्यले होते."

मला वाटलं, झालं, मोडली सोयरीक.

"चुकी माही हाय," तो म्हणाला. "पोरीची नाही."

"ते समजलं. पन दाढी काहून काढली? ओढनीखाली झाकली असती तं तुमाले कोनं ओळखलं असतं? एवढी फजिती तरी झाली नसती."

मेहबूबनं बशी खाली ठेवली. "मले कोनं ओळखलं नसतं, तं लोकायले पुन्ना तीच दिसली असती."

हुस्नाबानोनं पदर तोंडाला लावला. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू.

लतीफाबीनं थैलीतून खडीसाखर काढली आणि पोरीच्या तोंडात घातली. मग मला म्हणाली, "ऊठ शेषराव, चारची गाडी भेटली पाह्यजे. शफीकच्या बापाले सांगाचं हाय."