घोडी कुणाची

घोडी माझी आहे, हे आमच्या घरातल्या सगळ्यांनी एकमुखानं मान्य केलं ते एकदाच, ती पाय मोडून पडली त्या दिवशी. तोवर ती ह्यांची होती. हे म्हणजे माझे मालक. निपाणीच्या बाजारात, तंबाखूच्या वखारीत, बेळगावच्या कॅम्पात, जिथं म्हणून शर्यतीची गोष्ट निघे तिथं लोक तिला ह्यांच्या नावानं ओळखत, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

खरं तर ती माझ्या माहेरची. चिकोडीच्या बाजूला आमचं गाव. घरची तंबाखूची शेती, आणि माझ्या वडिलांना, आप्पांना, शर्यतीच्या घोड्यांचा नाद. आम्ही जैन. भाऊबंद आप्पांना नावं ठेवत. आप्पा म्हणत, जीव पाळतोय, मारत तर न्हाय. ही घोडी त्यांनी शिंगरू असताना आणली, तांबड्या अंगाची, कानाला हात लावला की मान फिरवणारी. तिच्यासाठी मी हरभरे भिजत घालायची, तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. पुढं माझं लग्न झालं, आणि वर्षभरात आप्पांच्या डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. घोडा पळताना दिसेना, मग ठेवून करायचं काय? त्यांनी घोडी माझ्या सासरी आणून बांधली. अंगणात सगळे जमले होते. आप्पा म्हणाले, "ही मी जावयाला देत न्हाय. लेकीला देतोय." सगळे हसले. हेही हसले. बाईच्या नावावर घोडी, ही गंमतच होती.

ह्यांनी तिला चांगलं सांभाळलं, हे मी नाकारणार नाही. स्वतः खरारा करत, तिच्याजवळ बसून चहा पीत. मीही पागेत जायची. सासूबाईंना ते आवडत नसे, पण मामंजी, म्हणजे माझे सासरे, काही बोलत नसत. घोडी जिंकत होती आणि घरात पाहुण्यांचा राबता होता. मामंजी गावच्या बस्तीचे, म्हणजे आमच्या मंदिराचे, पंच होते. शर्यतीला ते स्वतः कधी जात नसत, पण कोण जिंकलं ते विचारत.

त्या वर्षी तंबाखू काढायच्या दिवसांत तिच्या पुढच्या उजव्या पायाला सूज आली. गुडघ्याखाली हात फिरवला की शीर गरम लागे. मी चिकणमातीचा लेप लावायची आणि तो वाळला की परत लावायची. ह्यांना सांगितलं, हिला आता पळवू नका. ह्यांनी पाय चाचपला, मान हलवली आणि म्हणाले, पाडव्यापर्यंत हिला पागेबाहेर काढत नाही. मी म्हटलं, खरं ना? तर माझ्या गळ्याला हात लावून म्हणाले, "तुझ्या गळ्याशप्पत."

त्यानंतर चार दिवसांनी त्यांनीच विषय काढला. माझी धाकटी बहीण बेळगावला शहापुरात दिलेली, तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. हे म्हणाले, जा, राहा थोडे दिवस तिच्यापाशी, घोडीचं मी बघतो. नवरा आपण होऊन बायकोला बहिणीकडे धाडतोय, याचं मला इतकं कौतुक वाटलं की सर्व्हिस मोटारीत बसल्यावर शेजारच्या अनोळखी बाईलाही मी ते सांगितलं.

बहिणीच्या घराला दोन्ही बाजूंनी विणकरांचे माग. दिवसभर खटखट चाले. पहिले दिवस डोकं दुखलं, मग सवय झाली. आम्ही दोघी खासबागेत बाजाराला जायचो, चिंचा घेऊन यायचो, उन्हाला बसून लुगड्याचे काठ बघायचो. असं सुखानं चाललं असताना एका दुपारी माझे थोरले दीर टांगा घेऊन दारात आले. त्यांना मी अण्णा म्हणायची. साधा माणूस, पोटात काही राहत नसे. म्हणाले, घोडी पडलीय, तुला बोलावलंय.

मला वाटलं निपाणीला जायचं. मी पिशवी भरायला लागले. अण्णा म्हणाले, "निपाणीला कशाला? हितंच कॅम्पाच्या मैदानावर हाय."

टांग्यात मी एकेक विचारत गेले आणि ते सांगत गेले. शर्यत आज सकाळी झाली. घोडी आठवड्यापूर्वीच बेळगावात आणली होती. उतरले होते खासबागेत, एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या वखारीत. म्हणजे मी ज्या बाजारात चिंचा घेत होते, तिथून हाकेच्या अंतरावर. मी विचारलं, सूज होती ना? अण्णा म्हणाले, "उतरली होती की. रातभर पाय बर्फात ठेवलाता." मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते बाहेर बघायला लागले.

मला का बोलावलं, तेही त्यांनीच सांगितलं. फौजेच्या घोड्यांचे डॉक्टर तिथं होते. त्यांचं म्हणणं, पाय सांधणार नाही, गोळी घालावी लागेल. पण मालकानं तोंडानं सांगितल्याशिवाय ते घालणार नव्हते. मामंजींना निपाणीहून मोटारीनं आणवलं होतं. आमच्या घरातून जीव घ्यायचा शब्द निघणार नाही, असं ते म्हणाले. तेव्हा ह्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की घोडी आमची नव्हेच, ती तिच्या बापानं तिला दिलेली आहे. तिलाच विचारा.

मैदानाच्या कडेला एका झाडाखाली ती पडली होती. डोक्याखाली कुणीतरी गोणपाट सारलं होतं. मधूनच ती मान उचलून उठू बघे, मग गुडघ्याखालचा पाय भलतीकडेच लोंबे आणि ती पुन्हा पडे. हाड बाहेर आलं होतं. माशा बसत होत्या, त्या उडवायला कुणी नव्हतं. सगळे लांब उभे होते. बाया तिथं कुणीच नव्हत्या. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि तिच्या डोक्याशी जाऊन बसले. माझा आवाज ऐकल्यावर तिनं फुरफुर केलं. कानाला हात लावला, पण मान फिरवली नाही.

डॉक्टर पुण्याकडचे होते, वयस्क. ते खाली वाकून माझ्याशीच बोलले. मी विचारलं, पांजरपोळात ठेवली तर? ते म्हणाले, "बाई, ही उभी राहू शकत नाही. आडवं पडून घोडं जगत नाही. अंग सडेल, आणि हे सगळं ती जागेपणी भोगेल." मामंजी लांबूनच म्हणाले, कर्मानं जे मिळालंय ते भोगून जाईल, आपण मध्ये पडायचं कारण नाही.

मी उठून ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आजवर चारचौघांत मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांचे डोळे लाल झाले होते. खरोखरच रडले होते ते.

मी म्हटलं, "पळवताना ती तुमची होती. आतापण तुमचीच म्हणा, आन तुमीच सांगा."

त्यांनी मामंजींकडे बघितलं. मामंजी मंत्र पुटपुटत होते. मग हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. पोरीसारखी वाढवलीया मी तिला."

मला तेव्हा एक गोष्ट लख्ख कळली. तिनं मरावं असं त्या सगळ्यांनाच वाटत होतं. मामंजींनासुद्धा, नाहीतर मला आणायला टांगा धाडायची गरज काय होती? त्यांनी नाही म्हणून विषय मिटवला असता. फक्त तो शब्द त्यांच्यापैकी कुणाच्या तोंडून जायला नको होता, म्हणून माझं तोंड आणलं होतं.

मी नाही म्हणू शकले असते. म्हणावं, असं मनात आलंसुद्धा. बसू दे ह्यांना तिचं कण्हणं ऐकत. पण त्याची शिक्षा तिनं भोगायची होती, ह्यांनी नाही. तिनं पुन्हा उठायचा प्रयत्न केला, तो आवाज मला पाठीमागून ऐकू आला.

मी डॉक्टरांना सांगितलं, "घाला."

त्यांना ते ऐकू गेलं होतं, तरी त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की ना? मी मोठ्यानं म्हटलं, व्हय, माझी घोडी हाय, घाला. तिच्या कपाळावर हात ठेवायची त्यांनी मला मुभा दिली, मग मागं व्हायला सांगितलं. हे तोवर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चालत गेले होते. मी डोळे मिटले नाहीत. एकदाच आवाज झाला, आणि तिचं ते धडपडणं थांबलं.

निपाणीला गेल्यावर सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं. बस्तीच्या उपाध्यांनी प्रायश्चित्त सांगितलं, उपास सांगितले, आणि ते होईपर्यंत बस्तीची पायरी चढायची नाही असं सांगितलं. मी सगळं केलं. हे दोन्ही वेळ सगळ्यांच्या पंगतीला जेवत होते. एकदा वखारीतले पाहुणे आले होते. मी आत पाणी भरत होते आणि बाहेर हे सांगत होते, की मी हातापाया पडलो, म्हटलं पांजरपोळात नेऊया, पण बाईमाणूस, घाबरली आणि हो म्हणून बसली. मला वाटतं त्यांना स्वतःलाही ते खरंच वाटायला लागलं होतं.

मी सगळं पोटात ठेवलं ते आप्पांसाठी. आप्पा येतील, त्यांना तरी नीट सांगेन, असं रोज घोकायची. ते आले तेव्हा त्यांना हाताला धरून आणावं लागलं. मी त्यांना मागच्या सोप्यात बसवलं आणि सुरुवातीपासून सांगायला लागले, सूज, लेप, ह्यांची शपथ. आप्पा मध्येच म्हणाले, "पोरी, थांब. जावई मला विचारायला आलतं."

मी थांबले.

"सूज हाय म्हणालं. मी म्हटलं, बर्फात ठेव पाय, पळव. लई दिवस झालं, ती जिंकल्याली बातमी आली नव्हती."

त्यांनी माझा हात शोधला. मी दिला. मला विचारावं असं तुम्हांला वाटलं नाही का, एवढंच मी म्हटलं. ते माझ्या बांगड्या चाचपत राहिले. मग म्हणाले, "तुला काय विचारायचं, असं वाटलं."

त्यांना काकवी आवडायची म्हणून मी ती काढून ठेवली होती. ताट केलं, वाढलं. माझं ताट अजून वेगळं होतं, म्हणून त्यांच्याजवळ सासूबाई बसल्या आणि मी चुलीपाशी जेवले.

पुढच्या सुगीनंतर ह्यांनी कोल्हापूरकडून नवा घोडा आणला, काळा. चांगला होता म्हणतात. तो पागेत होता तितकी वर्षं मी मागच्या परड्यात जायला पागेवरनं न जाता पलीकडच्या दारानं जात होते. घरात कुणी त्याचं कारण विचारलं नाही.