सुनंदाताईंची चूक मी पुसून टाकली

आज दुपारी वाघोलीहून घरी आल्यापासून मन खातंय. तुम्हाला सांगूनच टाकते.

दर रविवारी तिथल्या समाजमंदिरात आयटीत काम करणाऱ्या आम्ही तिघीचौघी वस्तीतल्या बायकांना प्रोग्रामिंग शिकवतो. त्यातल्या सुनंदाताई यवतमाळच्या. मुलांच्या मेसमध्ये पोळ्या करतात. महिनाभर खपून त्यांनी स्वतःचा प्रोग्राम लिहिला होता. जेवणाऱ्यांचा आकडा टाकला की कणीक किती मळायची ते कळणार.

आज आम्हाला लॅपटॉप देणारे पाहुणे येणार होते आणि प्रोग्राम पन्नास मुलांना अर्धा किलो कणीक सांगत होता!

ताई हसत म्हणाल्या, "थांबा मॅडम, सापडते मले."

मी थांबले नाही. "अहो, वेळ नाहीये," म्हणत लॅपटॉप माझ्याकडे ओढला, दोन ओळी बदलल्या, फाइल सेव्ह करून बंदही केली.

पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, "वा! हे तुम्ही केलंत?"

"नाही जी. मॅडमनं केलं."

तरी टाळ्या झाल्या, फोटो झाले. सगळे गेल्यावर ताई हळूच म्हणाल्या, "मी कुठी चुकली होती, ते मले पाहाचं होतं. जुनं परत आणता येते का?"

नाही आणता आलं. मला तर माझ्या घाईत ती चूक नीट आठवतही नव्हती. मी माफी मागितली. "जाऊ द्या," म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

बरोबर उत्तराची घाई त्यांना नव्हतीच, मला होती. फोटोसाठी.

तुमच्यातले जे शिकवतात त्यांना विचारते, समोरचा अडखळत असताना तुम्ही स्वतःचे हात कसे आवरता?