वरच्या काकांची मंदी

जगातला एकूण एक देश ज्यांनी निदान एकदा तरी बुडवून दाखवला, असे एकच गृहस्थ माझ्या ओळखीत आहेत, आणि ते सुरतेला उधन्यात सात वर्षं आमच्या डोक्यावर राहत होते. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर, म्हणून आमच्या घरात ते वरचे काका. त्यांनी जपान बुडवला, जर्मनी बुडवली, इंग्लंड तर दोनदा बुडवलं, आणि हे सगळं धुतलेला पांढरा सदरा घालून, दर दिवाळी पाडव्याला सकाळी नऊ वाजता. देश बेटे पुढच्या पाडव्याला पुन्हा आपापल्या जागी असत. काकांना त्याचं काही वाटत नसे. "एक वर्ष लांबलं," एवढं म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत.

पाडवा म्हणजे गुजराती लोकांचं नवं वर्ष. त्या दिवशी सुरतेत जो तो दारोदार 'साल मुबारक' करत फिरतो. एरवी आमच्या गल्लीत कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागे, पण दिवाळीत लूम बंद, कामगार गावाला, आणि सगळ्या उधन्यात अशी शांतता की वरच्या मजल्यावरचा चमचा पडला तरी कळावा. काकांनी जगाचं भविष्य सांगायला हाच मुहूर्त धरला होता. साल मुबारक करायला वर गेलेल्या माणसाला ते आधी म्हणत, "बसा." उभ्या उभ्या त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. समोर फराळाचं ताट असे, पण त्यावर वर्तमानपत्र झाकलेलं. जपानपासून अमेरिकेपर्यंतच्या सगळ्या बाजारांचा येत्या वर्षाचा अंदाज सांगून झाल्याशिवाय ते वर्तमानपत्र उठत नसे. पहिल्या वर्षी मी चकलीच्या आशेनं युरोपपर्यंत तग धरला आणि अटलांटिक महासागरात मला डुलकी लागली.

काका मूळचे अमळनेरकडचे. एका कापड गिरणीत कापड तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. उजेडाच्या टेबलावरून कापडाचं ठाण सरकत राहायचं आणि यांनी त्यातला तुटका धागा, डाग, गाठ शोधायची. निवृत्त होताना धागे मोजायचं पितळी घडीचं भिंग तेवढं ते घरी घेऊन आले, आणि मग कापड नसल्यामुळे त्यांनी ते जगावर धरलं. भिंतीवर शाळेतला असतो तसा जगाचा नकाशा होता. रिंग रोडवरच्या एका शेअर दलालाकडून ते कालचा गुलाबी इंग्रजी पेपर मागून आणत आणि त्यातले बारीक आकडे भिंगाखाली घालून तासन् तास बघत बसत. "ठाण कितीही लांब असू द्या," ते म्हणत, "फॉल्ट असतोच. बघणारा पाहिजे."

स्वतः काकांनी आयुष्यात एक शेअर घेतला नाही. ब्याण्णव साली सगळं सुरत शेअरचे फॉर्म भरत होतं, आमच्या पोळ्या करणाऱ्या बाईसुद्धा कुठला इश्यू चांगला ते विचारत, तेव्हाही काका कोरडे. "अंपायरनं बॅट धरू नये," असं त्यांचं तत्त्व होतं. मी बँकेत नोकरीला, म्हणून एकदा भोळेपणानं विचारलं, "मग काका, माणसानं यंदा पैसे कशात घालावेत?" ते चिडलेच. "पैशाचं मला काय विचारता? मी जगाबद्दल बोलतोय!" समोरच्या बिऱ्हाडातले शाळामास्तर फ्रीज घ्यायला निघाले होते, त्यांना काकांनी जिन्यात अडवलं. "थांबा. जपान बसणार आहे. फ्रीज मातीमोल होतील." मास्तर तीन उन्हाळे थांबले. चौथ्या उन्हाळ्यात मास्तरांच्या बायकोनं स्वतः जाऊन फ्रीज आणला, आणि तेव्हापासून त्या घरात काकांना पाणी मिळे ते माठातलं.

पण या सगळ्या बुडवाबुडवीत काकांचं भिंग नकाशावर जिथं सगळ्यात जास्त वेळ थांबे, ती जागा होती बँकॉक. सगळी दुनिया तेव्हा तिकडच्या देशांचे गोडवे गात होती, आणि काका दर पाडव्याला सांगत, "हे टिकायचं नाही. पुढच्या वर्षी बँकॉकचा बाजार आडवा होणार म्हणजे होणार." त्यांचा एकुलता एक मुलगा, प्रमोद, सुरतेच्या एका हिरे व्यापाऱ्याच्या बँकॉकमधल्या कचेरीत नोकरीला होता. काकू वारल्या आणि सहाच महिन्यांत तो गेला. मी अर्थशास्त्र शिकलेला, पण या दोन गोष्टींचा मेळ मला बसेना. माझ्या बायकोनं तो दुसऱ्याच पाडव्याला जिना उतरता उतरता घातला. "अहो, त्यांना मंदी हवीय. बाजार पडला की तो शेठ तिथली कचेरी बंद करील, आणि पोरगा घरी येईल. एवढंच आहे ते."

त्यानंतर मला ते भविष्य ऐकताना डुलकी लागली नाही. बायको मात्र त्यांना दर वर्षी रागवायची. "काका, सणासुदीचं वाईट बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते." त्यावर काका भिंगाची घडी घालत आणि म्हणत, "ताई, वास्तूला परकीय चलन कळतं होय?" सगळे हसत. मग ताटावरचं वर्तमानपत्र उठे.

प्रमोदचा फोन आमच्याकडे येई, कारण सबंध जिन्यात फोन आमच्याच घरी होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला. आम्ही झाडूच्या दांड्यानं छतावर दोनदा ठोकायचो आणि काका उतरायचे, सदऱ्याची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून. पहिल्या रविवारी ते सकाळी आठपासूनच बटणं लावून बसलेले असतात हे आम्हाला ठाऊक होतं. आमच्याशी शुद्ध बोलणारा हा माणूस फोनवर एकदम अहिराणीत शिरे. "कसा शे भाऊ? तठला बाजार कसा शे?" पलीकडून प्रमोद बाजाराचं सांगे. चांगलाच चालला असे. काका "हां, हां," करत, आणि शेवटी विचारत, "जेवना का?" जेवलास का, हे सकाळी दहा वाजता. 'कधी येतोस' हे त्यांनी कधी विचारलं नाही. तो प्रश्न ते फक्त जगाला विचारत.

चौऱ्याण्णव साली प्लेगची बातमी फुटली आणि दोन दिवसांत आमचा जिना रिकामा झाला. आम्हीही नाशिकला निघालो. काकांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "किल्ली देऊन जा. फोन वाजला तर?" पंधरवड्यानं परत आलो तेव्हा काका तोंडाला ओला रुमाल बांधून आमच्या फोनशेजारच्या खुर्चीत बसले होते. झोपायलासुद्धा वर गेले नव्हते. एवढ्या मोठ्या इमारतीत पंधरा दिवस एकटा माणूस आणि एक फोन. "प्रमोदचा आला होता," त्यांनी रुमाल न सोडताच सांगितलं. "'बापू, मी येतो,' असं म्हणाला. मी म्हटलं, अजिबात येऊ नको. इथलं वातावरण बरोबर नाही." ज्याच्यासाठी हा माणूस वर्षानुवर्षं आख्खा आशिया बुडवत होता, तो स्वतः होऊन येतो म्हणाला, तर यांनीच त्याला परतवला. मला त्या दिवशी त्यांचा राग आला, आणि त्यांच्याकडे बघवेनाही.

आणि मग सत्त्याण्णवच्या जुलैत बँकॉकचा बाजार खरोखरच आडवा झाला.

तिथलं चलन कोसळलं, शेजारचे देश एकामागून एक त्याच्या पाठोपाठ गेले, आणि काकांनी सांगितलं होतं तसंच्या तसं झालं. काका एका रात्रीत मोठे झाले. रिंग रोडवरच्या दलालानं त्यांना कालच्याऐवजी आजचा पेपर द्यायला सुरुवात केली. मास्तरांच्या घरी त्यांना फ्रीजमधलं पाणी मिळू लागलं. सोसायटीचे गुजराती सेक्रेटरी, जे दर पाडव्याला आपल्याला बरं नाही म्हणून खाली बसत, ते वर जाऊन, भविष्य खरं ठरलं म्हणून त्यांचा हात हातात घेऊन आले. "काका, तमे तो साचा पड्या!" काकांनी आतल्या खोलीला चुना दिला. पोलादी खाट आणली, गादी आणली, नवा पंखा लावला. ऑगस्टच्या रविवारी ते साडेनऊलाच खाली येऊन बसले.

त्या दिवशीचा फोन लवकर संपला. काकांनी बाजाराचं विचारलंच नाही, नुसतं ऐकत होते. शेवटी "जेवना का?" म्हणाले, आणि पलीकडून जे उत्तर आलं ते ऐकून रिसीव्हर तसाच हातात धरून बसले. कचेरीला कुलूप लागलं होतं, पगार थांबला होता, एका खोलीत सहा जण राहत होते आणि एक वेळचं जेवत होते. शेठ काहीतरी करील म्हणून वाट बघत होते. माझी बायको चहा घेऊन आली तर काका तिच्याकडे बघून म्हणाले, "ताई, वास्तूला कळतं हो परकीय चलन."

"अहो काका, तुमच्या बोलण्यानं काय होतंय?" ती म्हणाली.

"सहा वर्षं बोलतोय मी. त्याच घरात, सणाच्या दिवशी." चहा तसाच ठेवून ते वर गेले.

पाडव्याला सोसायटीनं त्यांचा सत्कार ठेवला. वर एवढी माणसं मावणार नव्हती म्हणून आमच्या घरी. शाल झाली, नारळ झाला, सेक्रेटरी म्हणाले, "हवे आवता वरसनुं कहो, काका." लोक येत्या वर्षाचं भविष्य लिहून घ्यायला वह्या घेऊन आले होते. काकांनी खिशातून भिंग काढलं, आणि तेवढ्यात आमचा फोन वाजला. दहा-बारा माणसांसमोर, अंगावर शाल तशीच, काका अहिराणीत बोलले. "न्यूयॉर्क? शेठनीच पाठवं का? ... नही नही, आठे कसाले येस? चांगलं झायं, भाऊ. जाय तू."

इथं कशाला येतोस म्हणून प्रमोदला न्यूयॉर्कला धाडून त्यांनी फोन ठेवला आणि ते परत जागेवर बसले. भिंग हातात होतं, पण त्यांनी ते उघडलं नाही. "लिहून घ्या," म्हणाले. "पुढच्या वर्षी अमेरिका उत्तम. भरभराट. एकही फॉल्ट नाही." बाकीच्या जगाबद्दल ते काही बोलेनात. लोक चुळबुळू लागले, वह्या कोऱ्याच राहिल्या. माझ्या बायकोला ते बघवेना, म्हणून तिनं विचारलं, "काका, आणि आपलं सुरत?"

इतक्या वर्षांत सुरतेचं भविष्य त्यांना कुणी विचारलं नव्हतं. काकांनी जरा विचार केला. "सुरत स्थिर," म्हणाले. "इथं नवं कुणी यायचं नाही, पण इथून कुणी जायचंही नाही." आणि बायकोकडे बघून हसले. मग त्यांनी स्वतःच उठून आमच्या फराळाच्या ताटावरचा कागद काढला.

पुढच्या मे महिन्यात माझी बदली झाली. काकांचं हेही भविष्य खोटं ठरलं, आणि ते आम्हीच ठरवलं, याची टोचणी मला अजून आहे. निघण्यापूर्वी खटपट करून मी त्यांच्या नावावर फोन घेऊन दिला. सामान उतरवताना वर निरोप घ्यायला गेलो तर आतल्या खोलीत ती पोलादी खाट होती, गादीवरचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं, आणि शेजारच्या खुर्चीवर फोन ठेवला होता.

आता दर पाडव्याला सकाळी नऊ वाजता मीच त्यांना फोन करतो. पहिल्याच घंटेला उचलतात. "प्रमोद?"

"नाही काका, मी."

"हां, हां, तुम्ही!" ते म्हणतात, आणि क्षणभर तिकडची शांतता ऐकू येते. लूम बंद असतात ना. मग खाकरून म्हणतात, "बसा."

मी बसतो.