लोह्याला न उतरलेले हणमंतराव

अर्धापूरचे हणमंतराव केळीवाले स्वतःची फजिती इतक्या चवीनं सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, गडी लातुरातून बक्षीस घेऊन आला.

मेव्हण्याच्या पोरीचं लग्न होतं. दोन तांबे ताक पिऊन ते बायको गुणाबाईसोबत जीपनं लातूरला निघाले. लोह्याला गुणाबाईनं लघवीसाठी गाडी थांबवायला लावली, तसे हे बोललेच, "बायका सोबत असल्या की दर कोसाला मुक्काम!"

एवढं बोलल्यावर स्वतः उतरायचं कोणत्या तोंडानं? लघवी तर त्यांनाच जास्त लागली होती. अहमदपूर गेलं, ओटीपोट नगाऱ्यासारखं तटतटलं, तरी हे मिशीला पीळ देत बसून राहिले. चाकूरच्या अलीकडं म्हैस आडवी आली. ब्रेक लागला अन् पट्टा न लावलेले हणमंतराव समोरच्या दांडीवर पोटानं आदळले. कळ डोक्यात गेली, पण लघवीची घाई एकदम गायब! जिंकलो, असं त्यांना वाटलं. 'अक्कल दांडीवरच ऱ्हायली,' हे त्यांचंच म्हणणं.

लातुरात पोट फुगत चाललं. मोरीत पंधरा मिनिटं कुंथले, तर चार थेंब, तेही लाल. लग्न सोडून दवाखाना गाठला.

डॉक्टर धम्मप्रियांनी विचारलं, "मार लागायच्या आधी लघवी कधी केली होती?"

गुणाबाई शेजारीच उभी. "केली की... वाटंत," हणमंतराव पुटपुटले.

"काका, खरं सांगा. कमरेचं हाड मोडून लघवीच्या पिशवीला खाली चीर गेली, तर पुष्कळदा नुसती लघवीची नळी घालून ठेवली तरी भरून येते. पण भरलेल्या पिशवीवर मार बसला, तर ती वरून फाटते, लघवी पोटात पसरते. मग ऑपरेशनच."

जीव मोठा की तोरा, हे ठरवायला या माणसाला पुरतं मिनिटभर लागलं.

"घरापासनं तुंबवून धरली होती, डॉक्टरबाई."

"अन् मला बोलून राहिले होते!" गुणाबाई कडाडली.

नळीतून पिशवीत औषध सोडून फोटो काढला. औषध आतड्यांभोवती पांगलेलं दिसलं. लगेच पोट उघडून पिशवी शिवली.

दुसऱ्या दिवशी नळी लावून पडलेले हणमंतराव हळूच म्हणाले, "आगं, पाव्हण्यांला नुसतं अपघात झाला म्हण. बाकीचं कशाला?"

"समद्यांला सांगून झालं," गुणाबाई म्हणाली. "उमरीच्या वन्संचा फोन तेवढा लागून न्हाई राहिला."