तिसरी खाट

म्हाताऱ्या माणसाला केवढी खोली लागते, हे माझ्या बायकोच्या मामांइतकं कळणारा माणूस अमरावतीपासून अकोल्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर मामाजी त्याला चुकीचा ठरवल्याशिवाय सोडायचे नाहीत. ओळखीतलं कुणी वृद्धाश्रम शोधतंय असं कानावर आलं, की ते न बोलावता सोबत निघत. सरकारी मापावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "ते माप निजलेल्या मानसाचं हाये. मानूस का दिवसभर निजूनच राह्यते?" त्यांची स्वतःची परीक्षा चहाची. मामाजी खाटेवर आडवे होणार, एकानं पाहुणा म्हणून खुर्चीवर बसायचं, दुसऱ्यानं चहा घेऊन आत यायचं. चहासाठी पाहुण्याला उठावं लागलं, की खोली नापास. परतवाड्याला पाहुणा मी होतो. खुर्ची दारात अडकली, मी खुर्चीत अडकलो आणि मामाजी पडल्या पडल्या समाधानानं म्हणाले, "पाहा जवाईबुवा, पाव्हना बाहीर निंगत नाई, चहा अंदर येत नाई. नापास!" व्यवस्थापक बिचारा कप घेऊन बाहेरच उभा होता. शेवटी तो चहा त्यानंच प्यायला.

अकोल्याच्या एका आश्रमात दोघांच्या खोलीत तीन-तीन खाटा होत्या. मामाजींनी तिथल्या भारदस्त अध्यक्षांना मधल्या खाटेवर निजवलं, दोन्ही बाजूंना दोन विश्वस्त निजवले आणि चहा मागवला. अध्यक्षांनी उठून बसावं तर पाय खाली टेकवायला जागा मिळेना. थोड्याच दिवसांत खोल्याखोल्यांतून तिसरी खाट निघाली. मला तर मामाजींना खांद्यावर घेऊन नाचावंसं वाटलं.

पुढं त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझ्या बायकोची मावशी आक्का, पडली. चांदूर बाजारच्या घरात ही दोघंच राहायची. आक्काचं चालणं बंद झालं, तिला उचलणं एकट्या मामाजींना झेपेना. तिला अकोल्यालाच जायचं होतं. तिथं नर्स होती, बोलायला बायका होत्या. पण खाटा कमी झाल्यामुळं तिथं जागेसाठी रांग लागलेली. अध्यक्ष भला माणूस. त्यांनी आपणहून फोन केला, "तुमच्या आक्कांसाठी एका खोलीत तिसरी खाट टाकतो." मी म्हटलं, मामाजी, हो म्हणा. ते म्हणाले, "त्या खोलीतल्या दोघीले कोनी इचारलं का? त्याइच्या घरात मी खाट कशी टाकू?"

"राहू दे न बाप्पा," आक्का आतून म्हणाली, "मले काई घाई नाई."

मला दोघांचाही राग आला होता. पण मामाजी तिचा स्वयंपाक शिकले, तिची वेणी घालायला शिकले. वेणी रोज वाकडी व्हायची आणि आक्का रोज त्यांना बोल लावायची. ते पाहिल्यावर राग कसला टिकतो! असा माणूस आपल्या नात्यात आहे याचंच मला अप्रूप वाटायचं.

दिवाळीनंतर अकोल्याहून फोन आला. जागा झाली होती, आक्काला घेऊन या म्हणाले. आक्काची तेरवी नुकतीच झाली होती. मी फोन घ्यायला हात पुढं केला, पण मामाजींनी तो दिला नाही.

"रांगेत जे कोनी पुढं असन, त्याले द्या," ते म्हणाले. "खोली चांगली हाये. मी सोता पाह्यली हाये."