तिनं ओटी घेतली नाही

न्यू जर्सीत मुलाकडे आले तेव्हा मी साठीला टेकले होते. घरी बसून करू काय? शाळेच्या कॅफेटेरियात पोरांना जेवण वाढायची नोकरी धरली. शेजारी वाढायला एक काळी बाई, वयानं माझ्याएवढीच. इंग्रजी माझं तोडकंमोडकं, पण तिचं बोलणं मला समजायचं.

ती सरकारी वस्तीत राहायची. विटांच्या तीन मजली इमारती, राहणारे सगळे काळे. सुनेनं बजावलं होतं, तिकडं सेफ नाही, जाऊ नका. मी दर शनिवारी जायची.

तिनंच सांगितलं सगळं. तिची आई अमेरिकेच्या दक्षिणेतून कापूस वेचणं सोडून आली तेव्हा इमारती नव्याकोऱ्या होत्या. पुढच्या ओळीत गोरे, मागं हे. मग गोऱ्यांना बाहेर घरं घ्यायला कर्ज मिळालं, यांना बँक दारात उभी करेना. गोरे गेले, त्यांच्यामागोमाग दुरुस्तीवालेही यायचे थांबले. बायकांनी पाळ्या लावून जिने झाडले, खिडक्यांखाली पालेभाजी लावली. थंडीत घरं गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला तर पोरांसकट सरकारी ऑफिसात जाऊन बसल्या, दुरुस्त झाल्यावरच उठल्या. पेपरात मात्र वस्तीचं नाव यायचं ते गोळीबार झाला की.

न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडून तीनेक वर्षं झाली असतील. नोटीस आली. इमारती पाडून नव्या बांधणार, घर सोडतो म्हणून सही करा, बाहेर भाड्याला मदत देऊ. परत यायचं काय, ते कुठंच लिहिलेलं नाही. निम्म्यांनी सह्या केल्या.

मला वाटलं, हीही निघाली. बाई घर सोडून निघाली की आपण तिला रिकाम्या हातानं पाठवत नाही. ती विधवा, मीही विधवा, पण म्हटलं इथं कोण विचारतंय! ओक ट्री रोडवरच्या आपल्या देशी दुकानातून नारळ नि खण आणला, तांदूळ घरचे घेतले, आणि तिची ओटी भरायला गेले. हे काय, असं तिनं विचारलं. जाणाऱ्या बाईला देतात, मी म्हटलं.

तिनं नारळ माझ्या हातात परत ठेवला.

"मी कुठं जातेय? जाणाऱ्यांना दे ते."

मी पार ओशाळले. मग तिनंच खुर्ची पुढं केली आणि सोमवारच्या मीटिंगला चल म्हणाली.

मीटिंगमध्ये सरकारी ऑफिसातल्या टायवाल्या साहेबानं नव्या घरांची रंगीत चित्रं दाखवली, सह्यांसाठी पेनं वाटली. परत घ्यायचं बघू, शब्द देतो, असं म्हणाला. ही उठली.

"शब्द माझ्या आईलाही दिला होता. कागदावर लिही, मग सही करते."

ते माझ्या हातात नाही, तो म्हणाला.

"मग ज्याच्या हातात आहे त्याला पाठव. मी घरीच आहे." असं म्हणून तिनं त्याचं पेन त्याच्यापुढं ठेवलं. मागच्या बायकांनीही ठेवली.

दीड वर्ष ती तिथंच राहिली. खालचे मजले रिकामे झाले, जिन्यातले दिवे गेले, तरी कामावर वेळेवर. शेवटी कागद आला. तिनं दोनदा वाचला, एक ओळ पटली नाही म्हणून परत पाठवला. दुसरा आला, त्यात याच जागेवर तिला घर देणार असं साफ लिहिलं होतं. तेव्हा कुठं तिनं सही केली.