मोनिकाच्या नावानं लिहिलेलं

मल्हारी गडदे शिक्रापूरजवळच्या एका गोदामाच्या गेटवर बारा तास वॉचमन असतो. ट्रक आला की खुर्चीतून उठायचं, नंबर लिहायचा, दांडा वर करायचा, पुन्हा बसायचं. सकाळी तळेगाव ढमढेऱ्यातून जीपमध्ये कोंबून घ्यायचं आणि संध्याकाळी तसंच कोंबून परत यायचं. वय बावन्न, पण गुडघे त्याच्याआधीच साठीला पोचलेत. बारावीपर्यंत सायन्स शिकला, पुढं पुण्यात राहायची सोय झाली नाही. त्याची कहाणी एवढीच, आणि ती तो कुणाला सांगत बसत नाही.

बाकीचे वॉचमन रिकाम्या वेळात रील बघतात. मल्हारी कमेंट लिहायचा. फेसबुकवर विज्ञानाचं एक मराठी पेज होतं, तिथं त्याचा जीव रमायचा. कुणी विचारावं, उपग्रह खाली का पडत नाही, की हा उत्तर द्यायला हजर. सिनेमाच्या ट्रेलरखालीही तो गप्प बसत नसे. हिरो बारा मजल्यांवरून उडी मारतो आणि खाली येईपर्यंत त्याला आईपासून बायकोपर्यंत सगळे आठवतात. मल्हारीनं लिहिलं, ‘एवढ्या उंचीवरून पडायला तीन सेकंदसुद्धा लागत नाहीत. आई आठवेल, बायकोपर्यंत पोचणार नाही.’ त्याला नऊशे लाईक पडले. गेटवर दिवसभरात त्याच्याशी बोलायचं म्हणजे ड्रायव्हर लोक ‘चाचा, गेट खोलो’ म्हणायचे, तेवढंच.

आता नावाचं सांगायला हवं. हे सगळं तो मोनिका मल्हारी गडदे या नावानं लिहीत होता. मोनिका त्याची मुलगी. तिनं दहावीत असताना दोन वेण्यांचा फोटो लावून ते खातं उघडलं होतं. डिप्लोमाला गेल्यावर तिला नवा फोन आला, फेसबुक तिच्या लेखी म्हाताऱ्यांचं झालं, आणि जुना फोन खात्यासकट बापाकडं आला. मल्हारीला वरचं नाव दिसत नव्हतं असं नाही. पण त्याच्या घरात वापरणारा एक आणि कागदावर दुसरा, हीच रीत. लाइटचं बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावानं येतं. मोटारसायकल मेव्हण्याच्या नावावर, गॅस बायकोच्या, सिमकार्ड पुतण्याचं. तसंच हे. लोक ‘ताई’ म्हणायचे, ‘शाब्बास बेटा, खूप पुढे जाशील’ म्हणायचे. ते वाचून तो खुर्चीत जरा सरळ बसायचा. एवढी वर्षं कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं, तिथं ‘बेटा’ म्हटल्याचा हिशेब कोण करतो?

आणि एके दिवशी मोनिका रांजणगावच्या एका कंपनीत मुलाखतीला गेली. डिप्लोमा होऊन वर्ष झालं होतं, दोन ठिकाणी नकार आला होता. समोरच्या साहेबांनी फाईलवरचं नाव वाचलं आणि चेहरा फुलला. ‘अरे, तुम्हीच का त्या? तुमच्या कमेंट मी मुलाला वाचून दाखवतो. ते थंडीत मोबाईलची बॅटरी लवकर का उतरते, ते काय सुंदर लिहिलं होतं तुम्ही! जरा सांगा बरं यांना.’ टेबलामागं आणखी दोघं बसले होते.

मोनिकाला काहीच माहीत नव्हतं. ती घाबरून म्हणाली, मी फेसबुक वापरतच नाही. साहेबांनी मोबाईल काढून तिच्यापुढं धरला. तिचं नाव, तिच्या दोन वेण्या. साहेबांचा चेहरा उतरला तो तिनं पाहिला. ‘असू दे, कळवतो आम्ही,’ ते म्हणाले, आणि कुणीच काही कळवलं नाही.

त्या संध्याकाळी मल्हारी घरी येऊन बूट काढतो न काढतो, तोच तिनं फोन मागितला. आई, अनसाबाई, भाकरी थापता थापता थांबली.

‘पप्पा, चार वर्षं तुम्ही माझ्या नावानं लिवताय?’

‘खातं तुझं हाय ना. माझं थोडंच हाय.’

‘आवो, माणसं म्हणतात मीच लिवलंय. आन् मला त्यातलं एक अक्षर येत न्हाई.’

मल्हारीला आधी काही समजेना. मग तिनं मुलाखतीतलं सगळं सांगितलं. मुलीची नोकरी आपल्या शहाणपणानं घालवली, हे त्याला फार लागलं. ‘बंद करून टाक,’ तो म्हणाला. जेवला नाही.

तिनं ते खातं बंद केलं. पण पोरगी वाईट नाही. रविवारी तिनंच त्याला नवीन खातं काढून दिलं. नाव मल्हारी गडदे, फोटो वॉचमनच्या निळ्या शर्टातला, कारण दुसरा धड फोटोच नव्हता.

सोमवारी त्याच पेजवर कुणीतरी पुन्हा तेच बॅटरीचं विचारलं. मल्हारीनं जपून, शब्द न शब्द पूर्वीसारखंच लिहिलं: थंडीत तूप कसं गोठतं, तसं बॅटरीच्या आतलं रसायन सुस्तावतं. बॅटरी रिकामी झालेली नसते, तिला देता येत नसतं. फोन खिशात उबेला ठेवा, टक्के परत वाढतील.

पहिलं उत्तर आलं, ‘काका, तूप वरणावर घ्या.’ खाली हसणारे चेहरे. दुसरं, ‘वॉचमन शास्त्रज्ञ.’ तिसरं एका जुन्या ओळखीच्या माणसाचं. हाच माणूस मोनिकाला बेटा म्हणायचा. त्यानं लिहिलं, ‘उगाच ठोकून देऊ नका काका. पूर्वी इथे मोनिकाताई अभ्यास करून लिहायच्या.’

मल्हारीनं ते तीनदा वाचलं. ट्रक येऊन हॉर्न वाजवत होता. तो उठला, नंबर लिहिला, दांडा वर केला. राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला नुसता शीण आला.

बुधवारी घरी आला तेव्हा मोनिका दारातच उभी होती. तिनं तिच्या फोनवर ती उत्तरं वाचली होती.

‘पप्पा, जुनं खातं परत चालू करू का? लिवा माझ्याच नावानं.’

‘नको,’ तो म्हणाला. ‘लेकीच्या तोंडानं किती दिस बोलू? दमलो मी.’

तो बाजेवर आडवा झाला, डोळ्यांवर हात घेतला. ती गेली नाही.

‘मग मला शिकवा. शनिवारी दुसरी मुलाखत हाय. बॅटरीचं मला खरंच कळलं न्हाई, पप्पा. दोनदा वाचलं.’

‘उद्या सांगतो.’

‘उद्या बी तुमी दमलेलेच येणार.’

हे खरंच होतं. मल्हारी उठला, तोंडावर पाणी मारलं, अनसाबाईकडं कोरा चहा मागितला आणि म्हणाला, ‘वही आन.’